वीस मिनिटांत संपवायचा डबा

संध्याकाळी दप्तरातून डबा काढला की उघडायच्या आधीच हातात कळतं. जड लागला की समजायचं, आज पण परत आलाय. परवा झाकण उघडलं तर सकाळचा घावणा चौघडी घातलेला तसाच, फक्त एका कोपऱ्याला चिमणीने चोच मारावी एवढा तुकडा गेलेला, आणि बाजूच्या बारक्या डबीतली खोबऱ्याची चटणी आंबून फसफसलेली. तेवढ्यात पडवीतून सासूबाईंचा आवाज, "आज पण डबो तसोच इलो काय गो?" आणि मी पटकन म्हटलं, "नाही ओ आई, खाल्लंय थोडं." घावणा बकरीला घातला आणि डबा विसळून टाकला. नंतर रात्रभर मला एकच प्रश्न पडलेला, मी खोटं कशाला बोलले? चोरी केली होती का मी?

पण तसंच वाटतं हो. डबा परत आला की आपल्याकडे दोनच आरोपी उभे राहतात. एक तर मूल, म्हणजे त्याचे नखरे, लाडावून ठेवलंय, आमच्यावेळी असलं नव्हतं, दोन दिवस उपाशी ठेवा मुकाट खाईल वगैरे. नाहीतर आई, हिला काही करताच येत नाही, रोज तेच तेच देते, यूट्यूबवर बघून काहीतरी नवीन करायला काय होतं. तिसऱ्या आरोपीकडे कुणाचं लक्षच जात नाही, तो म्हणजे शाळेची मधली सुट्टी. माझं सरळ म्हणणं आहे की आपण ज्यांना खाण्याचे नखरे म्हणतो त्यातले निम्मे तरी या मधल्या सुट्टीत तयार होतात, आणि शाळा त्याचं खापर आपल्या ओट्यावर फोडून मोकळी होते.

हे मला कळलं ते पण अपघातानेच. एक सही पाहिजे होती म्हणून शाळेत गेलेले, मालवणजवळच्या एका खाजगी शाळेत जातो आमचा धाकटा, तिसरीला आहे. सर मिटिंगमध्ये, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं मला, आणि समोरच त्याचा वर्ग. मधल्या सुट्टीची घंटा झाली. मी आपली वाट बघतेय की आता डबे उघडतील. कसले उघडतायत, आधी फळ्यावरचं उतरवून वही दाखवायची होती, ते झाल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. मग हात धुवायला लाईन, दोन नळ, त्यातल्या एकाला करंगळीएवढी धार, आणि शेजारचा वर्ग पण तिथेच. पाऊस पडत होता त्यामुळे बाहेर बसायचा प्रश्नच नाही, व्हरांडा ओला, वर्गातल्या बाकांवर रेनकोट वाळत टाकलेले. माझं पोरगं आलं, डबा काढला, झाकण घट्ट बसलेलं, गुडघ्यात धरून ओढतोय, शेवटी शेजारच्या मुलाने काढून दिलं. उघडला, बघितला, एक तुकडा मोडला, मग पाठीमागच्या पोराशी कसल्या तरी कार्डांवरून बोलायला लागला. मधेच बाथरूमला पळाला. आणि घंटा झाली की! मी मोबाईलवर वेळ बघत होते. सुट्टी वीस मिनिटांची, त्यात डबा उघडल्यापासून बंद होईपर्यंत नऊ मिनिटं, त्यातली दोन बाथरूमची.

मी एका पतसंस्थेत काम करते. आम्हाला जेवायला अर्धा तास आहे आणि आम्ही पाऊण तास घेतो, वर बडीशेप खात पाच मिनिटं. आम्ही मोठी माणसं, आम्हाला हात धुवायला लाईन नाही, डब्याचं झाकण स्वतः उघडता येतं. आणि सात-आठ वर्षांच्या पोराने सात मिनिटांत पोळी-भाजी, काकडी, फळ सगळं संपवून डबा चकाचक करून आणायचा. तसा संपवला की बाई वहीवर स्टार देतात, नाही संपवला की पालकांना मेसेज, 'आपला पाल्य डबा पूर्ण खात नाही, कृपया लक्ष द्यावे.' लक्ष कुणी द्यावं?

आता तुम्ही म्हणाल की मग बाकीची पोरं संपवतातच ना. संपवतात, माझी थोरलीच संपवायची. तीच आई, तोच ओटा, तोच तवा, आणि ती जे देईल ते खाणारी, हा मात्र एक घास अर्धा तास तोंडात फिरवणारा. काही मुलं मुळातच हळू खातात. हळू खाणं आणि चोखंदळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण नऊ मिनिटांत दोन्ही सारख्याच दिसतात. आणि गंमत अशी की घाईच मुलाला चोखंदळ बनवते. विचार करा ना, हातात सात मिनिटं असतील तर मूल काय उचलेल? जे चावायला लागत नाही, ओळखीचं आहे, दोन घासांत जातं ते. बिस्कीट, चिप्स, जॅम लावलेला ब्रेड. मटकीची उसळ चमच्याने खायला, सांडायला, पुसायला वेळ लागतो. पोळी पावसाळ्यात आमच्याकडे अकरापर्यंत वातड होते, हवाच तशी, ती तोडायलाच निम्मी सुट्टी जाते. मग ते मूल घरी येऊन सांगतं, मला उसळ आवडत नाही. त्याला उसळ आवडत नाही असं नाहीये, त्याला उसळ परवडत नाही, वेळेच्या हिशोबात. रविवारी घरी हाच मुलगा काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या तीन-तीन खातो, सकाळी उकड्या तांदळाची पेज वाटीभर पितो आणि वर अजून मागतो. याला कुठल्या तोंडाने नखरेल म्हणू मी?

दुसरी गोष्ट वासाची. ही जरा नाजूक आहे पण लिहितेच.

आमच्याकडे शाळा सुरू होते जूनच्या मध्याला आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे नवीन दप्तर, नवीन डबा, नवीन वर्ग, आणि घराघरात सुक्या मासळीचे दिवस, असं सगळं एकदम येतं. सुकट, जवळा, सुके बांगडे, हेच असतं पावसाळ्यात, मे महिन्यातच भरून ठेवलेलं. घरात सकाळी जवळा परतला की तो वास डब्याला, दप्तराला, पोराच्या शर्टाला सगळ्याला लागतो, डब्यात बटाट्याची भाजी दिली तरी. पहिलीत असताना एक दिवस हा येऊन म्हणाला, "आई, सगळे म्हणतत तुझ्या डब्याक वास येता." त्या दिवसापासून त्याने डबा पूर्ण उघडणंच सोडलं, झाकण अर्धं वर करून हात आत घालून खातो. घरात जवळा बघितला तरी नाक मुरडायला लागला. सासूबाईंना हे कळेचना, कारण त्यांच्या हातची जवळ्याची चटणी आणि भाकरी खाऊनच तर हा उभा राहिला चालायला.

त्यात शाळेचा चार्ट. सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी पराठा, गुरुवारी फळं आणि सुका मेवा, शुक्रवारी इडली किंवा डोसा, आणि खाली ठळक अक्षरात, मांसाहारी पदार्थ आणू नयेत, अंडं सुद्धा नाही. हा चार्ट कुणी बनवला माहीत नाही पण ज्याने बनवला त्याने समुद्र बघितलेला नसावा. समुद्र शाळेच्या गच्चीवरून दिसतो, वर्गातली निम्मी पोरं ज्या घरातून येतात तिथे मासळीवर संसार चालतो, आणि चार्टमध्ये तांदळाची भाकरी नाही, घावणे नाहीत, नाचणी नाही, कुळीथ नाही, पराठा मात्र आहे. आमच्या आज्यांनी पराठा कधी लाटला होता हो?

मी उगाच भावनेच्या भरात म्हणत नाहीये की बांगड्याचं तिखलं द्या डब्यात. मासा डब्यात देऊच नये या मताची मी पण आहे. काटे असतात, लहान पोरांच्या घशात अडकतात हा एक भाग. दुसरं म्हणजे बांगडा, कुपा असल्या माशांमध्ये ते नीट थंड ठेवले नाहीत तर हिस्टामिन तयार होतं, अंग लाल होतं, खाज सुटते, उलट्या होतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून पण जात नाही. आमच्या दमट हवेत शिजवलेला मासा चार-पाच तास बंद डब्यात ठेवणं धोक्याचंच. त्यामुळे आरोग्याच्या कारणाने नको म्हणा, मी सही करते. पण मग उकडलेलं अंडं का नको? सालासकट दिलं तर काय बिघडतं? याला आरोग्याचं कारण नाहीये, याला दुसरंच कारण आहे आणि ते सगळ्यांना माहितीये. काही घरांत अंडं चालत नाही, त्यांच्या मुलांना शेजारी बसून त्रास होतो, हे म्हणणं मी समजू शकते. आमच्याकडेही सोमवार असतात, श्रावण असतो, मार्गशीर्षातले गुरुवार असतात, त्या दिवशी आम्ही पण शिवत नाही. पण म्हणून वर्षभर एका मुलाच्या घरचं जेवण हे लपवायची गोष्ट आणि दुसऱ्याचं मिरवायची, असं शिकवणं शाळेचं काम आहे का? ज्या मुलाला आपल्याच घरच्या जेवणाची लाज वाटते ते मूल घरी पण नीट जेवत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अंड्याचा घोळ सरकारी शाळांत पण झालाच. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ठरलं की शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, जे खात नाहीत त्यांना केळं. चांगला निर्णय होता, दोघांची सोय बघणारा. २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला, द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. लोकसहभाग म्हणजे कोण, तर परत आम्हीच.

पण पोषण आहारावरून एक आठवलं. मी झेडपीच्या शाळेतली. १९९५ च्या १५ ऑगस्टला ही योजना सुरू झाली तेव्हा मी प्राथमिकला होते, आम्हाला शिजवलेलं काही मिळायचं नाही, महिन्याला तीन किलो तांदूळ घरी, ते पण हजेरी असेल तर. शिजवून द्या असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते २००१ च्या नोव्हेंबरमध्ये. आता माझ्या बहिणीचा मुलगा झेडपीत आहे, देवगडच्या बाजूला. घरी हा पोरगा वरण-भाताला हात लावत नाही, मुगाची खिचडी बघून पळतो, आणि शाळेत तीच खिचडी दोनदा घेतो! बहीण रडकुंडीला आली होती, म्हणाली माझ्या हाताला चव नाही का. चवीचं काही नाहीये त्यात. तिथे सगळे पंगतीला बसतात, ताट सारखं, वाढणारी मावशी सारखी, कुणाच्या डब्यात काय हे डोकावायचा प्रश्न नाही, गरम असतं, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचं जेवून झाल्याशिवाय उठत नाहीत कारण ताटं एकत्र धुवायची असतात. त्या आहाराचं माप पण ठरलेलं आहे, पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. कागदावरचं माप ताटात किती उतरतं तो वेगळा विषय, त्यावर भांडायला मी कधीही तयार आहे. पण निदान तिथे जेवण ही शाळेची जबाबदारी आहे असं लिहिलेलं तरी आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेत आम्ही फी भरतो आणि जेवण मात्र सगळं आईच्या गळ्यात.

आईच्याच, बरं का. मेसेज येतो तो 'सर्व माता पालकांना' असाच येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितल्या, पोरांची झोप व्हावी म्हणून, छान झालं, आमच्याकडे डबा आता पावणेसातऐवजी आठला भरायचा असतो. पण त्या वाढलेल्या सव्वा तासात अजून एक पदार्थ झाला पाहिजे अशी अपेक्षा वाढली, बाकी काही नाही. वर्गाच्या ग्रुपवर एक ताई रोज डब्याचा फोटो टाकतात, गाजराची फुलं, काकडीचं कासव, पोळीचं अस्वल. हौस आहे, करू देत, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या ह्यांनी तो फोटो बघून मला विचारलं, "आपण असं काही का देत नाही?" आपण! म्हटलं उद्या तुम्हीच द्या अस्वल. दुसऱ्या दिवशी खरंच उठले बिचारे, कांदेपोहे केले, डबा परत आला, आणि संध्याकाळी तोंड एवढंसं करून बसले. त्यानंतर एकदाही मला प्रश्न नाही विचारला.

डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ काय सांगतात ते मी थोडंफार वाचलंय. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना अनोळखी पदार्थाची भीती वाटणं हे वाढीतच येतं, नवीन चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते, जबरदस्ती न करता. आपण तिसऱ्याच वेळी शिक्का मारतो, ह्याला आवडत नाही. एलिन सॅटर म्हणून एक अमेरिकन आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांचं म्हणणं मला फार पटलं, की काय द्यायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं आणि खायचं का हे मुलाने. आता शाळेचा नियम याच्याशी ताडून बघा. काय द्यायचं ते चार्ट ठरवतो, किती खायचं ते रिकाम्या डब्याचा स्टार ठरवतो, आणि कधी, किती वेळात, ते घंटा. आई पण नाही आणि मूल पण नाही. ज्याच्या पोटात जायचंय त्याला यात काही मतच नाही.

म्हणून मी माझ्यापुरतं बदललंय. नवीन काही असेल तर ते संध्याकाळी घरी, सगळे बसलेले असताना, ताटाच्या कडेला चिमूटभर, खा म्हणायचं नाही. डब्यात प्रयोग बंद. डब्यात जाणार ते त्याला झोपेत पण खाता येईल असंच, पोळीऐवजी घावणे, कारण ते पाऊस असला तरी मऊ राहतात, चटणी ओल्या खोबऱ्याची नाही तर सुक्या खोबऱ्याची, म्हणजे आंबत नाही, नाहीतर नाचणीची छोटी भाकरी तूप-गूळ लावून गुंडाळून, आणि गरम कधीच भरायचं नाही, पूर्ण निवल्यावर झाकण, नाहीतर आत घाम सुटून सगळं चिकट होतं. एका हातात धरून खाता आलं पाहिजे, चमचा नको. माप पण निम्मं केलं. आधी दोन घावणे द्यायचे, एक परत यायचा, आता एकच देते. फणसपोळीचा एक तुकडा बाजूला. घरी आला की चार वाजता नीट जेवतो, तेव्हा भाजी, उसळ, काय ते. हे ऐकून कुणी म्हणेल बघा म्हणजे उपाय घरातच होता. नाही हो. ही नऊ मिनिटांत बसवण्यासाठी मी केलेली कसरत आहे. पोराचं जेवण कापून घंटेच्या मापाचं केलंय मी, यात अभिमान वाटावा असं काही नाही. आणि ज्या घरात चार वाजता वाढायला कुणी नसतं, आई काजूच्या फॅक्टरीत नाहीतर बाजारात मासे घेऊन बसलेली असते, त्या पोराने काय करायचं? ते गेटसमोरच्या टपरीवर पाच रुपयांचं पाकीट घेतं. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा नियम आहे, २०२० सालचा, अन्नसुरक्षावाल्यांचा. आमच्या शाळेचं गेट आणि टपरी यांच्यामध्ये एक गटार आहे फक्त. डब्यातल्या अंड्यावर लक्ष ठेवणाऱ्यांना ही टपरी कशी दिसत नाही?

काही मुलांचं खरंच वेगळं असतं, हे पण सांगायला पाहिजे. ठराविक पोत जिभेला लागला की उलटी येते, चार-पाच पदार्थांपलीकडे काही चालतच नाही, वजन वाढत नाही. त्यांना नखरे म्हणणं पाप आहे, त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं आणि शाळेने अशा मुलाच्या बाबतीत तर चार्ट गुंडाळूनच ठेवावा.

मागच्या पालकसभेत मी उभी राहिले. म्हटलं चार्ट राहू दे, स्टार बंद करा, आणि मधली सुट्टी पस्तीस मिनिटांची करा, पहिली दहा मिनिटं हात-पाय-बाथरूम, मग पंचवीस मिनिटं जेवण, आणि वही दाखवायची ती घंटेच्या आधी किंवा जेवल्यानंतर. एक नळ दुरुस्त करा, त्याचे पैसे आम्ही वर्गणी काढून देतो हवं तर. दोन-चार जणी माना डोलवत होत्या, एक बाबा म्हणाले की पोरांना शिस्त लागते वेळेची. सरांनी सांगितलं, वेळापत्रकात बसत नाही, तासिका पूर्ण व्हायला लागतात, बघू पुढच्या वर्षी, आणि विषय गॅदरिंगच्या ड्रेसवर गेला, त्यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली.

बाहेर चपला घालत होते तर ह्याच्या वर्गाच्या बाई मागून आल्या. तरुण आहेत, नवीनच लागल्यात. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही बोललात ते बरं झालं. मुलांची लाईन लावून, झाकणं उघडून देऊन मी डबा उघडेपर्यंत घंटा होते. माझा पण रोज अर्धाच खाऊन होतो. घरी आई विचारते, मी सांगते संपवला."